कोंड्यासकट गव्हाची बरकत

फजरची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडतात, तेव्हा मोहल्ल्यातली बेकरी जागी झालेली असते. कुणी पावाची लादी घेतो, कुणी खारी, कुणी टोस्टचे पाकीट. दहा मिनिटांत ही खरेदी घरोघरी चहाच्या कपाशेजारी पोहोचते. दुपारी मुलांच्या डब्यात बिस्किटे जातात, संध्याकाळी समोसा नाहीतर रोल येतो आणि वलीम्याचे आमंत्रण असले की तंदुरी नान. तरी कुठल्याही घरात विचारा, उत्तर एकच मिळते : "आम्ही तर गव्हाचीच चपाती खातो." हे खोटे नाही. पण दिवसभराचा हिशेब मांडला, तर त्या दोन-चार चपात्यांच्या मागेपुढे मैदा किती येऊन बसला आहे ते लक्षात येते.

हा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हाला वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या घरातही अब्बांची गोळी आणि अम्मीची गोळी एकाच डब्यात दिसू लागली आहे. दोष एकट्या मैद्याचा नाही. बैठे काम, गोड चहा, तळण, अपुरी झोप, सगळ्यांचाच वाटा आहे. पण मैदा ही अशी गोष्ट आहे की, ती कमी करण्यासाठी ना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ना मोठा खर्च. गहू आपल्या घरात आहेच. तो पूर्ण वापरायचा, एवढेच.

दाण्यात काय असते आणि काय निघून जाते

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. वरचे साल म्हणजे कोंडा, मधला पांढरा गर आणि टोकाशी इवलासा अंकुर. वजनात गर सर्वात जास्त, साधारण ८० टक्क्यांच्या वर. कोंडा सुमारे १४ टक्के आणि अंकुर दोन-तीन टक्के. मैदा म्हणजे फक्त मधल्या गराचे बारीक पीठ. तंतू, लोह, जस्त आणि ब जीवनसत्त्वे यांचा मोठा साठा कोंड्यात आणि अंकुरात असतो, आणि मैदा करताना नेमके हेच दोन भाग बाजूला काढले जातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू दिले आहेत आणि मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी. लोह कणकेत सुमारे चार मिलिग्रॅम, मैद्यात दोनहून कमी. प्रथिने मात्र दोन्हींत जवळपास सारखीच. म्हणजे मैदा विष आहे असे नाही. त्यात पोट भरण्याचे सामान आहे, पण पोट सांभाळण्याचे सामान काढून घेतलेले आहे.

पांढरे पीठ एकेकाळी श्रीमंतांचीच चैन होती. हाताने दळून, पुन्हा पुन्हा चाळून ते काढावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि कोंडा-अंकुर झटपट वेगळे करता येऊ लागले. अंकुरात तेल असते, त्यामुळे पूर्ण पीठ लवकर खवट होते. मैदा महिनोन्‌महिने टिकतो. व्यापाऱ्याला टिकाऊ माल हवा होता, गिऱ्हाइकाला पांढरा रंग आवडला. पुढे सगळी बेकरी त्याच पिठावर उभी राहिली.

मदीनेतले पीठ

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातल्या अन्नाची आठवण हदीसच्या ग्रंथांत जागोजागी आहे. सहीह बुखारीत हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत प्रसिद्ध आहे. त्यांना विचारण्यात आले की, प्रेषितांनी पांढरे शुभ्र पीठ पाहिले होते का? नाही, असे त्यांनी सांगितले. मग चाळणीवाचून जव कसे खात होता? तर दळून फुंकर मारायची, उडेल तो भुसा उडायचा, राहील ते भिजवून खायचे. हजरत आयेशा (रजि.) यांचीही रिवायत आहे की, मदीनेत आल्यापासून प्रेषितांच्या वफातीपर्यंत त्यांच्या घरच्यांनी सलग तीन रात्री गव्हाची भाकरी पोटभर खाल्ली नाही. ज्या गव्हाला आपण रोजचा आणि साधा समजतो, तो त्या घरात दुर्मीळ होता.

सुनन इब्ने माजामधला एक प्रसंग तर आपल्या विषयाला थेट भिडतो. हजरत उम्मे ऐमन (रजि.) यांनी एकदा पीठ चाळून प्रेषितांसाठी भाकरी केली. हे काय, असे त्यांनी विचारले. आमच्या मुलखात असे करतात, तुमच्यासाठी करावे वाटले, असे त्या म्हणाल्या. तेव्हा चाळलेले परत पिठात मिसळून मळायला प्रेषितांनी सांगितले.

यावरून मैदा खाणे नाजायज आहे, असा अर्थ कुणी काढू नये. उलेमांनी तसे म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. हलाल ते हलालच. पण ज्यांच्या सुन्नतवर आपण जीव टाकतो, त्यांच्या दस्तरखानाची ही साधी चव आपल्या घरात महिन्यातून चार दिवसही नसावी, याचे नवल मात्र वाटते.

गहू घेणे, साठवणे, दळणे

रब्बीचा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. वर्षाचा गहू भरायचा तो एप्रिल-मे महिन्यांत, कडक उन्हात वाळवून. चपातीसाठी लोकवन आणि सिहोरचा शरबती हे आपल्याकडचे नेहमीचे. लोकवन ही जात गुजरातमधल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेने तयार केली, म्हणून तिचे मूळ नाव लोक-१. रवा, शेवया आणि कुरडयांसाठी बन्सी गहू चांगला, कारण तो कडक असतो. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात खपली गहू मिळतो. त्याचे टरफल घट्ट असल्याने तो सडून घ्यावा लागतो. लापशी आणि खिरीला त्याच्यासारखा गहू नाही. पण खपलीचा भाव साध्या गव्हाच्या बराच वर असतो, म्हणून हे आधीच सांगतो की पौष्टिक खाण्यासाठी खपलीच हवी असे मुळीच नाही. रेशनच्या दुकानात मिळणारा गहूही पूर्णच असतो. तो निवडून, धुऊन, वाळवून दळला तर त्याचीही कणीक तितकीच कामाची.

सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात वर्षांचे धान्य कणसातच ठेवण्याचा सल्ला दिल्याचा उल्लेख आहे. अखंड धान्य टिकते, दळलेले टिकत नाही, हे शेतकऱ्याला आजही ठाऊक आहे. म्हणून गहू वर्षाचा भरा, पण पीठ पंधरा-वीस दिवसांचेच दळा. पावसाळ्यात तर आठ-दहा दिवसांचेच. पिठाला उग्र वास आला किंवा जिभेला कडसर लागले, तर अंकुरातले तेल खवट झाले असे समजावे.

साठवणीत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा एरंडेलाचा हात पुरेसा होतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. किडीसाठी बाजारात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात. त्या गोदामांसाठी असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. राहत्या घरात, धान्याच्या कोठीत ही गोळी कधीही ठेवू नये.

गिरणीवाल्याला आपली गरज सांगावी. चपातीला आणि ब्रेडला बारीक, लाडूला आणि मलिद्याला जाडसर. दळण गार होऊ द्यावे आणि मगच डब्याचे झाकण लावावे, नाहीतर आत वाफ धरते. घरी आणून चाळणी मारायचीच असेल तर खडे-काड्या काढण्यापुरती. कोंडा फेकून द्यायचा नाही.

घरचा गव्हाचा ब्रेड

पुष्कळ भगिनींची तक्रार असते की, कणकेचा ब्रेड विटेसारखा होतो. त्याचे कारण समजले की उपाय सोपा आहे. पीठ मळताना त्यात चिवट जाळे तयार होते, खमिराचा वायू त्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. कोंड्याचे कण धारदार असतात. ते हे जाळे कापतात आणि वर पाणीही शोषून घेतात. म्हणून कणकेला पाणी जास्त लागते, भिजायला वेळ लागतो आणि कोंडा आधी मऊ करावा लागतो. हजरत उम्मे ऐमन (रजि.) यांना मिळालेला सल्ला इथे नेमका कामाला येतो.

साहित्य : कणीक ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक चहाचा चमचा, मीठ दीड चहाचा चमचा, गूळ किंवा मध एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे, पाणी सुमारे ३९० मिलिलिटर. हवे तर अर्धे पाणी आणि अर्धे दूध घ्यावे.

कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा वेगळा काढावा. त्यावर १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवावा. चाळलेल्या कणकेत २५० मिलिलिटर पाणी घालून नुसते कालवावे, मळू नये. हेही अर्धा तास झाकून ठेवावे. उरलेल्या ४० मिलिलिटर कोमट पाण्यात गूळ आणि यीस्ट विरघळवावे. पाणी बोटाला सोसेल एवढेच कोमट असावे, गरम पाण्यात यीस्ट मरते. मग गार झालेला कोंडा, यीस्टचे पाणी आणि मीठ पिठात घालून दहा मिनिटे मळावे. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. वरून कोरडी कणीक लावण्याचा मोह टाळावा आणि तेलाचा हात घ्यावा. शेवटी उरलेले तेल जिरवावे.

झाकून ठेवलेले पीठ उन्हाळ्यात तासाभरात आणि थंडीत दीड-दोन तासांत वर येते. मैद्याचे पीठ दुप्पट होऊ देतात, कणकेचे दीडपट झाले की पुरे. जास्त थांबलो तर ते भट्टीत बसते. हलक्या हाताने हवा काढून लांबट आकार द्यावा, तेल लावलेल्या डब्यात ठेवावा आणि पीठ काठापर्यंत आले की २०० अंश सेल्सियसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटे भाजावे. बाहेर काढून तळाशी बोटाने टकटक करावी. पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये. गरम कापला तर आत ओलसर चिकट लागतो आणि कच्चा राहिल्याचा भास होतो.

याच पिठाचे बारा पाव होतात. ते वीस मिनिटांत भाजले जातात. खिमा-पाव करणाऱ्या घरांनी ही सुरुवात जरूर करावी. मुलांना बेकरीच्या पावाची सवय असेल तर पहिल्या खेपेला निम्मा मैदा घ्या, पुढच्या वेळी पाव भाग, मग पूर्ण कणीक. जिभेला वळायला थोडा वेळ लागतो, मुलांच्या जिभेला मोठ्यांपेक्षा कमी.

खमिराचा आणखी एक फायदा आहे. कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह शरीरात शोषू देत नाही. पीठ आंबल्यावर ते कमी होते. ज्यांच्या घरात मुलींना रक्त कमी असल्याचे सांगितले आहे, त्यांनी जेवणाबरोबर लिंबू ठेवावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने द्यावा. जेवताना घेतलेला चहाही लोह अडवतो.

नानखटाई आणि खजुराचा केक

नानखटाईला फुगण्याची गरज नसते, खुसखुशीतपणा हवा असतो. म्हणून कणीक इथे मैद्याला सहज मागे टाकते. साजूक तूप १४० ग्रॅम घट्टसर घ्यावे, वितळलेले नको. त्यात १२५ ग्रॅम दळलेली साखर किंवा गुळाची पूड घालून हलके होईपर्यंत फेटावे. कणीक २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा दोन मोठे चमचे, वेलचीपूड, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा एकत्र करून त्यात मिसळावे. मळू नये, फक्त गोळा करावा. छोटे गोळे चपटे करून १७० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे. चोवीस-पंचवीस नानखटाया होतात. काढल्यावर त्या मऊ वाटतात, गार झाल्या की कडक होतात.

रमजाननंतर डब्यात खजूर उरतातच. २५० ग्रॅम बिनबियांचे खजूर २५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा तास भिजवून वाटून घ्यावेत. त्यात १०० मिलिलिटर तेल आणि दोन अंडी फेटावीत. अंडी नको असतील तर चार चमचे दही चालते. २०० ग्रॅम कणकेत एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे. वरून अक्रोड घालून १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजावा. साखर एक दाणाही लागत नाही. तरीही मधुमेह असलेल्यांनी हा केक बेतानेच खावा. खजुराची गोडीही रक्तात साखरच होऊन जाते.

ओव्हन नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, त्यावर लोखंडी कडे ठेवावे, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवावे. मग आत डबा ठेवून आच मंद करावी. नानखटाई वीस-पंचवीस मिनिटांत आणि केक पाऊण ते एक तासात होतो. पातेले जुनेच घ्यावे, कारण कोरड्या आचेने बूड काळे पडते.

केकसाठी बाटलीतला व्हॅनिला इसेन्स घेताना लेबल वाचावे, काहींत अल्कोहोल असते. वेलची, जायफळ, केशर आपल्या हाताशी असताना त्याची गरजही पडत नाही. ब्रेडचे यीस्ट साखर कारखान्याच्या मळीवर वाढवलेले असते. त्याविषयी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

जुन्या पदार्थांना विसरू नका

पूर्ण गहू म्हणजे फक्त ब्रेड आणि केक, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरातला खिचडा हा अख्ख्या गव्हाचाच पदार्थ. कुटलेला गहू रात्रभर भिजवायचा, चणाडाळ, मसूर, गोश्त घालून मंद आचेवर शिजवायचा आणि घोटायचा. त्याचा पूर्वज म्हणजे अरबांची हरीसा. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्ने सय्यार अल-वर्राक यांनी लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात ती आहे. संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि सौदी अरेबियातल्या हरीसच्या परंपरेची २०२३ साली युनेस्कोने नोंद घेतली. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही सगळी प्रतिष्ठा ज्याच्या जोरावर उभी आहे, तो गहू आपल्या कोठीत पडून आहे आणि आपण इफ्तारला मैद्याचे रोल तळतो.

शिळ्या चपातीचेही तसेच. रात्रीच्या चार चपात्या उरल्या की सकाळी त्या कुठे जातात, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. गोश्तच्या शोरब्यात चपाती चुरून घातली की तो सरीद झाला. प्रेषितांना (स.) हा पदार्थ प्रिय होता. हजरत आयेशा (रजि.) यांचे मोठेपण सांगताना त्यांनी सरीदचीच उपमा दिली आहे. चपाती चुरून गूळ-तूप लावले की मलिदा, कांदा-मिरचीची फोडणी दिली की नाश्ता. अन्न वाया न घालवणे ही सुद्धा इबादतच.

'ब्राऊन' म्हणजे गहू नव्हे

बाजारात तपकिरी रंगाचा ब्रेड महाग मिळतो. रंगावर जाऊ नये. कॅरामलचा रंग घालून मैदाही तपकिरी करता येतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव मैद्याचे असेल, तर समोर 'आटा', 'मल्टिग्रेन' असे कितीही ठळक छापलेले असो, तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड आहे. पीठ सुधारण्यासाठी घातलेल्या पदार्थांचे आकडेही पाहावेत. ४७१ क्रमांकाचा पदार्थ वनस्पती तेलापासून होतो तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकतो. पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असेल तर ती शंका राहत नाही. पूर्वी ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट वापरले जाई. त्यावर आपल्या देशात २०१६ साली बंदी आली.

अनेक भगिनी आता घरून केक, नानखटाई, ब्रेड विकतात. आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो. हलाल कमाईचा हा सुंदर मार्ग आहे. अशा छोट्या धंद्यालाही अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते, ती जरूर करावी. आणि 'गव्हाचा' म्हणून विकाल तर तो गव्हाचाच असू द्या. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या आणि फसवणाऱ्याला आपल्यातून वेगळे ठरवणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत आहोत. मैदा मिसळायचा असेल तर तसे सांगावे, भाव कमी घ्यावा.

ओट्याशी कोण उभे राहणार

आता खरी अडचण. आरोग्याचा प्रत्येक सल्ला शेवटी घरातल्या बाईच्या खांद्यावर येऊन पडतो. बेकरीचा पाव घरात शिरला तो केवळ चवीने नव्हे. पहाटे उठून सहेरी, मुलांचे डबे, सासू-सासऱ्यांचा चहा, मग शिलाई, बिडी, शाळा नाहीतर ऑफिस. या धबडग्यात आणलेल्या पावाने तिला अर्धा तास दिला. तो अर्धा तास तिच्याकडून परत काढून घेऊन 'पौष्टिक खा' म्हणणे हा इन्साफ नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले की, प्रेषित (स.) घरात काय करत? घरच्यांच्या कामाला हात लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे त्यांनी सांगितले. ही सुन्नत आपल्या घरांत सर्वात कमी पाळली जाते. गहू निवडणे, दळण आणणे, पीठ मळणे यांत असे काहीही नाही की जे अब्बा, भाईजान किंवा बारा वर्षांचा मुलगा करू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी घरातल्या पुरुषाने दहा मिनिटे कणीक मळली तर त्याच्या हाताचा ब्रेड मुले जास्त आवडीने खातील. ज्या घरात हे होणार नाही, तिथे बाईने बेकरीचा पाव आणला म्हणून तिला कुणी नावे ठेवू नयेत.

सुरुवात कुठून करावी

एकदम सगळे बदलायला जाऊ नका. अब्बा सकाळी चहात चार टोस्ट बुडवतात, तर त्यातले दोन कमी करून एक गव्हाची नानखटाई ठेवा किंवा रात्रीची चपाती तव्यावर कडक करून द्या. महिन्यातून दोनदा घरचा ब्रेड करा. रमजानमध्ये सहेरीला चपाती किंवा लापशी घ्या. कोंड्यामुळे ती हळूहळू पचते, भूक उशिरा लागते आणि पाणी नीट प्यायले तर पोटही साफ राहते. इफ्तारच्या तळणात आठवड्यातले दोन दिवस सुट्टी ठेवा.

दोन सावधगिऱ्या. कणीक हे औषध नाही. तीही रक्तातली साखर वाढवते, मैद्यापेक्षा सावकाश एवढेच. म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चपात्यांची संख्या आणि रोजांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. पोटाचे तीन भाग करून एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण गव्हालाही लागू आहे. दुसरे, काही मुलांना गहूच सोसत नाही. सतत जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ असेल तर तपासणी करून घ्या. अशा मुलाला पूर्ण गहू आणि खपलीसुद्धा चालत नाही. त्याच्यासाठी ज्वारी, तांदूळ, नाचणी आहेच.

ईदच्या आधी सदका-ए-फित्र काढताना आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत गव्हाच्या मापाने रक्कम जाहीर होते. गरिबाच्या घरात ईदच्या दिवशी चूल पेटावी, यासाठी हे माप. या वर्षी पैशांबरोबर, परवडत असेल तर, शेजारच्या गरजू घरात दोन पायल्या चांगला गहू द्या, आणि त्यातलेच दळून केलेली एक ताटली नानखटाई त्यांच्या मुलांसाठी.